पाचशे फुटांवर ‘नाही’ कोणी म्हणायचं?

पत्र

सर, मी देवगड तालुक्यातला. एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, आहे. ट्रेनिंग संपवून लाईनवर येऊन अजून वर्षही झालेलं नाही, आणि दोन प्रसंगांनी डोक्याचा पार भुगा झालाय.

पहिला प्रसंग जुलैमधला. पश्चिम किनाऱ्यावरची एक सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवरची, धावपट्टी. पाऊस नुकताच थांबलेला, सगळं ओलंचिंब. आम्हाला खाली यायला उशीर झाला. पाचशे फुटांवर स्पीड वीस नॉटने जास्त, सिंक रेट, म्हणजे खाली यायचा वेग, मिनिटाला बाराशे फुटांच्या घरात. मी ‘अनस्टेबल’ म्हटलं. कॅप्टन म्हणाले, “धावपट्टी समोर दिसतेय ना? मग?” आणि उतरवलं. चाकं जरा पुढे टेकली, पण विमान व्यवस्थित थांबलं. टॅक्सी करताना हसून म्हणाले, “पुस्तकातून डोकं बाहेर काढ, नाहीतर जन्मभर उजव्या सीटवर बसशील.” माणूस वाईट नाही. विमान उडवतात तर उत्तमच.

दुसरा प्रसंग गणपतीच्या आदल्या दिवशीचा. कॅप्टन वेगळे. मुंबईत पावसाने सगळ्याच विमानांचा बोजवारा उडाला होता. आमची शेवटची फेरी गोव्याची. हिशेब केला तर ड्युटीच्या मर्यादेबाहेर दहा मिनिटं जात होती. कॅप्टनने मला विचारलं, “तू कसा आहेस?” मी म्हटलं, “ठीक आहे सर, पहाटे तीनला उठलोय फक्त.” त्यांनी फेरी नाकारली. राखीव क्रू मिळाला नाही आणि विमान दुसऱ्या दिवशी गेलं. त्यात आमच्या वाडीतली दोन घरं होती. मोप्याला, गोव्याच्या विमानतळावर, उतरून गाडी करून ती गावात पोचेपर्यंत दुपार टळली, गणपती बसायला संध्याकाळ झाली. आता गावात जो तो विचारतो, “धा मिनटांसाठी?”

आमचे आबा तांडेल. त्यांचं म्हणणं, “होडी काय पुस्तक बघून हाकूची असता? वारो बघूचो, पाणी बघूचा नि ठरवूचा.” सर, मी कोणत्या कॅप्टनसारखं व्हायचं? आणि जुलैच्या प्रसंगाचा रिपोर्ट करायचा का? केला तर पुढे त्यांच्या शेजारी बसायचं कसं?

– उजव्या सीटवरचा


उत्तर

प्रिय उजव्या सीटवरच्या,

सुरुवात आबांपासून करू, कारण तुझ्या पत्रात सर्वांत जास्त पावसाळे पाहिलेला माणूस तोच आहे. घरी गेलास की त्यांना एवढंच विचार: बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलाय आणि समोर पाणी मात्र शांत दिसतंय, अशा वेळी तुम्ही कधी होडी काढलीत का? नारळी पौर्णिमेआधी कोणी बाहेर पडलं तर वाडीत त्याला काय बोलायचे? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी हा सरकारी नियम पुढचा. त्याच्या कितीतरी आधीपासून किनाऱ्यावर पावसाळ्याची बंदी होतीच, आणि ती परत न आलेल्या होड्यांनी घालून दिलेली होती. आबा वारा बघतात, पाणी बघतात हे खरं आहे. पण त्यांचं हे बघणं सुरू होतं बावटा उतरल्यावर. बावटा वर असताना ते जाळं विणत बसतात. पोथी त्यांचीही आहे, छापलेली नाही एवढंच.

तुझा पाचशे फुटांचा आकडा हाही तसलाच बावटा आहे.

ज्यांना हे नवीन आहे अशा वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. उतरताना एका ठरावीक उंचीवर, म्हणजे ढगांत असाल तर हजार फुटांवर आणि बाहेर स्वच्छ दिसत असेल तर पाचशे फुटांवर, विमानाची घडी बसलेली असायला हवी. चाकं खाली, फ्लॅप ठरलेल्या जागी, स्पीड ठरलेल्या पट्ट्यात, खाली यायचा वेग मिनिटाला हजार फुटांच्या आत, चेकलिस्ट संपलेली. यातलं काहीही राहिलं असेल तर पुन्हा वर जायचं आणि फिरून यायचं. याला गो-अराउंड म्हणतात. प्रवाशांच्या पोटात गोळा येतो, पण हा प्रकार नेहमीचा आहे.

आता तुझ्या जुलैच्या दिवसाचं गणित मांडू. नेहमीच्या वेगाने पाचशे फूट उतरायला चाळीसेक सेकंद लागतात. बाराशेच्या दराने पंचवीस. त्या पंचवीस सेकंदांत कॅप्टनला स्पीड कमी करायचा होता, सिंक रेट सावरायचा होता, सड्याच्या कडेला वारा वर-खाली ढकलतो तो सांभाळायचा होता (खाली दरी असली की उंचीचा अंदाजही फसतो, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक पायलटला ठाऊक आहे), आणि एवढं सगळं चालू असताना ‘हे जमेल का?’ याचा निर्णयही घ्यायचा होता. हा शेवटचा निर्णय पंचवीस सेकंदांत घ्यावा लागू नये, म्हणून तो जमिनीवर, थंड डोक्याने, आधीच घेऊन ठेवलेला असतो. अनुभवी माणसांनीच तो घेतलेला असतो. नियमात अक्कल नसते असं म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही की ती आगाऊ वापरून झालेली असते.

“पण विमान थांबलं की!” थांबलं, कारण थांबायला जागा होती. ती कुठून आली? उतरण्याचा स्पीड दहा टक्क्यांनी वाढला तर लागणारं अंतर ढोबळमानाने वीस टक्क्यांनी वाढतं. धावपट्टी ओली असेल तर आणखी. याची कल्पना असल्यानेच निघताना हिशेब करताना भरपूर जागा शिल्लक धरतात, आणि ओल्या धावपट्टीसाठी वरून पंधरा टक्के. तुझ्या कॅप्टनने त्या दिवशी ही शिल्लक उधळली आणि श्रेय स्वतःच्या हाताला दिलं. या खेळातली खरी मेख इथेच आहे. नियम मोडूनही निभावतं ते बहुतेकदा नियमानेच राखून ठेवलेल्या जागेवर, आणि मोडणाऱ्याला वाटतं आपलं कौशल्य. असं चारदा निभावलं की पाचव्यांदा ती सवय होते. पाचव्यांदा मागून वारा असतो.

आपल्याच किनाऱ्यावर जरा दक्षिणेला जा. मंगळूर, २२ मे २०१०. दुबईहून आलेलं विमान, टेबलटॉप धावपट्टी, म्हणजे तुझ्या सड्यासारखीच, टोकाला दरी असलेली. सकाळ स्वच्छ होती, धावपट्टी समोर दिसत होती. तुझ्या कॅप्टनचा प्रश्न तिथेही चपखल बसला असता. विमान बरंच उंच होतं. को-पायलटने गो-अराउंड करायला तीनदा सांगितलं. कॅप्टनने ऐकलं नाही. आठ हजार फुटांच्या धावपट्टीवर सुमारे ५,२०० फूट उलटून गेल्यावर चाकं टेकली. एवढ्यावर थांबलं असतं तरी कदाचित वाचले असते. चौकशीत निघालं की पूर्ण ब्रेक लावले असते तर विमान थांबू शकत होतं. पण रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे वेग मारायला इंजिनांचा उलटा जोर, लावल्यानंतर कॅप्टनला पुन्हा उडावंसं वाटलं, आणि रिव्हर्स लावला की उडायचं नाही हासुद्धा नियमच आहे. जिथे फिरायचं तिथे तो उतरला आणि जिथे थांबायचं तिथे उडायला गेला. दोन्ही वेळा नियम एक सांगत होता आणि त्याची बुद्धी दुसरं. १६६ पैकी १५८ माणसं गेली.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला, कोळिकोडला. पुन्हा टेबलटॉप, भर पावसाळा, मागून वारा. धावपट्टीच्या जवळपास निम्म्यावर चाकं टेकली. दोन्ही पायलट धरून २१ जण गेले. तिथल्या चौकशीतली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही: दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान त्याच कॅप्टनला तिथूनच न्यायचं होतं. दुसरीकडे उतरलं असतं तर सकाळचं वेळापत्रक कोलमडलं असतं. कॅप्टन अनुभवी होता, हवाई दलातून आलेला. विमान उडवण्यात कमी नव्हता. त्या क्षणी मनात जे वजन पडलं ते मात्र उद्याच्या सकाळचं होतं.

एवढं वाचून तू म्हणशील, सर पुस्तकवाले निघाले. थांब. पायलटने स्वतःची बुद्धी चालवायचीच नाही, असं कोणताही नियम म्हणत नाही. आंतरराष्ट्रीय हवाई नियमांतच स्पष्ट लिहिलं आहे की सुरक्षिततेसाठी अगदी अटळ असेल तर कॅप्टन नियमांपासून दूर जाऊ शकतो आणि विमानाबाबत अखेरचा शब्द त्याचाच. नियम मोडायची मुभा नियमांच्याच पुस्तकात आहे. पण ती कशासाठी आहे ते बघ. सुरक्षिततेसाठी. वेळेसाठी, इंधनासाठी, प्रवाशांच्या टाळ्यांसाठी किंवा शेजारच्या पोराला आपला हात दाखवण्यासाठी नाही.

हडसन नदीचं उदाहरण तुला कोणीतरी तोंडावर फेकणारच, म्हणून ते नीट माहीत असू दे. १५ जानेवारी २००९. न्यू यॉर्कहून उड्डाण केल्यावर काही मिनिटांतच पक्ष्यांचा थवा आदळला, दोन्ही इंजिनं गेली, आणि साडेतीन मिनिटांच्या आत विमान नदीत उतरलं. सगळेच्या सगळे १५५ वाचले. कॅप्टन सलेनबर्गरने एपीयू, म्हणजे मागचं छोटं इंजिन, चेकलिस्टमध्ये त्याची पाळी येण्याच्या खूप आधीच सुरू केलं. त्यामुळे विमानाची वीज टिकली. क्रम मोडला आणि बरोबर मोडला, कारण ती चेकलिस्टच मुळी खूप उंचावर इंजिनं बंद पडतील असं धरून लिहिलेली होती. तीन हजार फुटांवर ती पुरी वाचायलाही वेळ नव्हता. पण लोक यातला अर्धाच भाग सांगतात. त्याच वेळी शेजारचा को-पायलट स्काइल्स तीच चेकलिस्ट हातात धरून इंजिन पुन्हा पेटवायचा प्रयत्न करत होता. विमान कोण उडवणार, पुस्तक कोण वाचणार, ही वाटणी अगदी शिकवल्याप्रमाणे झाली. पुस्तक मुखोद्गत असलेल्या माणसालाच त्यातली कोणती ओळ आधी घ्यायची ते सुचतं.

आता हाच काटा तुझ्या कॅप्टनला लाव. त्या दिवशी काय पेटलं होतं? इंजिन? विमानात कोणी अत्यवस्थ होतं? इंधन संपत आलं होतं? तसं काही असतं तर तू लिहिलं असतंस. फिरून यायला दहा-पंधरा मिनिटं गेली असती आणि थोडं इंधन. नियम मोडला तो त्या दहा-पंधरा मिनिटांसाठी. त्याला तारतम्य म्हणता येत नाही, फार तर घाई म्हणता येईल.

दहा मिनिटांवरून आठवलं, गावाचा प्रश्न राहिलाच.

तू स्वतः लिहिलेलं परत वाच. दुसऱ्या कॅप्टनने तुला विचारलं, “तू कसा आहेस?” हे विचारायची गरज का पडली असेल? मर्यादा दगडावरची रेघ असती तर कॅप्टनने घड्याळ बघून बॅग उचलली असती. अचानक उद्भवलेल्या परिस्थितीत क्रूला विचारून, ठरावीक मर्यादेत, ड्युटी वाढवायचा अधिकार आपल्याकडे कॅप्टनला दिलेला आहे. त्याने तो वापरायचा की नाही याचा विचार केला, तुझ्याकडे बघितलं, ‘पहाटे तीनला उठलोय’ ऐकलं, बहुधा स्वतःकडेही बघितलं, आणि नाही म्हटलं. तुझ्या दोन कॅप्टनपैकी बुद्धी चालवली ती याने. तू मात्र पत्रात त्याला पुस्तकी ठरवून मोकळा झालास.

थकव्याचा नियम आकड्यांत लिहावा लागतो यालाही कारण आहे. थकलेल्या माणसाला आपण किती थकलोय ते कळत नाही. मोजायचं यंत्रच थकलेलं असतं. मंगळूरच्या व्हॉइस रेकॉर्डरवर कॅप्टनचं घोरणं ऐकू येतं. उड्डाणाचा बराच वेळ तो झोपेत होता आणि उठून थोड्या वेळाने विमान उतरवायला बसला. डोकं अजून झोपेतून बाहेर आलं नसणार.

तरी आकडा हे सगळ्या रोगांवरचं औषध नाही, आणि हे लपवलं तर मी तुझी फसवणूक करीन. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. डच विमानाच्या कॅप्टनच्या डोक्यावर त्या दिवशी ड्युटीच्या मर्यादेचं ओझं होतं. त्यांच्या देशात ते नियम थोड्याच दिवसांपूर्वी कडक झाले होते, आणि पूर्वीसारखं स्वतःच्या जबाबदारीवर तास वाढवायचं स्वातंत्र्य कॅप्टनला उरलं नव्हतं. मर्यादा ओलांडली तर कायद्याचं लचांड. थकव्यापासून वाचवायला केलेल्या नियमाने घाई निर्माण केली. नियम करणाऱ्यांनी हे पाठ करून ठेवावं असं मला फार वाटतं, पण ते हे सदर वाचत नाहीत. तिथेही कॅप्टनच्या मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं की समोरचं विमान अजून धावपट्टीवरच नाही ना. कॅप्टनने ठासून सांगितलं, गेलंय. इंजिनिअर गप्प बसला. कॅप्टन त्या कंपनीत इतरांना शिकवणारा, फार मोठा माणूस होता.

तेव्हा गावात कोणी पुन्हा ‘धा मिनटांसाठी?’ म्हणालं तर ‘नियम होता’ असं सांगू नकोस. ते ऐकून कोणाचं समाधान झालेलं मी पाहिलेलं नाही. सरळ सांग, ‘मी पहाटे तीनला उठलो होतो, कॅप्टनही दमलेला होता, आणि मोप्याला पाऊस होता. तुम्ही मागे बसला असतात.’ गणपती संध्याकाळी बसला तर चालतो, हे वाडीतल्या म्हाताऱ्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. चिडतात ते चाकरमानी, आणि त्यांची सुट्टी मोजकी असते. त्यांच्या चिडण्यातही खोट नाही. राखीव क्रू का नव्हता हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. तो कंपनीला विचारायचा, तुला नाही.

मूर्ख नियम असतात का? असतात, आणि तुला पुढे भरपूर भेटतील. पण त्यांच्याशी भांडायची जागा जमिनीवर आहे, कागदावर. हडसननंतर अमेरिकेच्या तपास यंत्रणेने कमी उंचीवर दोन्ही इंजिनं गेली तर काय करायचं याची वेगळी चेकलिस्ट करा अशी शिफारस केली ती अशाच कागदांमधून. पाचशे फुटांवर कोणी नियम सुधारायला घेतला तर त्याच्याबरोबर जाऊ नये.

आता तुझा खरा प्रश्न. रिपोर्ट कर. पण त्याआधी एक फोन.

कॅप्टनला फोन कर आणि तक्रारीचा सूर न लावता विचार, “सर, त्या दिवशी मी अनस्टेबल म्हटल्यावर तुम्ही काय विचार केलात? मला शिकायचंय.” दोन गोष्टी होतील. एकतर ते मोकळेपणाने बोलतील, आणि चांगला माणूस असेल तर तिसऱ्या मिनिटाला म्हणतील, “फिरायला हवं होतं रे.” नाहीतर पुन्हा पुस्तकाचा टोमणा मारतील. दोन्ही स्थितींत त्यांना सांग की तू रिपोर्ट टाकतोयस. पाठीमागून टाकू नकोस. तसंही विमानाच्या रेकॉर्डरमधला डेटा कंपनी तपासतेच. पाचशे फुटांवरचा स्पीड आणि सिंक रेट त्यांच्या समोर गेलेला असेल किंवा जाईल. तुझ्या कागदाने नवीन गुन्हा उघड होत नाही, त्या आकड्यांमागे कॉकपिटमध्ये काय घडलं तेवढं कळतं. लिहिताना विशेषणं गाळ. उंची, स्पीड, सिंक रेट, तू काय म्हणालास, उत्तर काय आलं, चाकं कुठे टेकली. ‘बेपर्वाई’ असला शब्द नको. आणि स्वतःचाही भाग लिही, कारण तो आहे.

तू ‘अनस्टेबल’ म्हणालास आणि थांबलास. हे सांगताना मला तुझ्यावर डाफरायचं नाही. वर्षभराच्या पोराला कॅप्टनसमोर दुसऱ्यांदा तोंड उघडायला काय लागतं ते कॉकपिटमध्ये बसलेल्यांना माहीत आहे. आपल्याकडे मोठ्यांना उलट बोलणं घरातच शिकवलेलं नसतं. पण नियमाने तुला इथेच मोठी सोय करून दिली आहे. ‘अनस्टेबल’ हे निरीक्षण झालं. पुढचे शब्द ‘गो-अराउंड’ हे आहेत, आणि ते म्हणताना तुला स्वतःचं मत मांडायचं नसतं, धीट व्हायचं नसतं, कॅप्टनपेक्षा हुशार तर मुळीच नसतं व्हायचं. आकडा पट्ट्याबाहेर, शब्द तोंडाबाहेर. तुझ्या कंपनीच्या एसओपीमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीत, दोनदा बोलूनही योग्य उत्तर आलं नाही तर काय करायचं तेही लिहिलेलं असणार. कॅप्टन भानावर नाही असं धरून ताबा घ्यायचा, असंच बहुतेक ठिकाणी असतं. ते पान शोध, वाच, आणि सिम्युलेटरमध्ये एकदा मुद्दाम करून बघायला माग. ‘आय हॅव कंट्रोल’ हे शब्द पहिल्यांदा मोठ्याने म्हणायची जागा खरं विमान नसावी.

शेजारी बसायचं कसं, असं विचारलंयस. पुढच्या वेळी त्याच कॅप्टनबरोबर रोस्टर लागलं तर अप्रोच ब्रीफिंगच्या वेळीच, म्हणजे कसं उतरायचं ते आधी ठरवताना, वर निवांत असताना, साध्या आवाजात विचार: “सर, आज पाचशेवर अनस्टेबल असेल तर मी गो-अराउंड म्हणणार आणि आपण जाणार, बरोबर?” ‘हो’ म्हणाले तर ते त्यांच्या तोंडून आलेलं असेल. खाली त्यांना तुझं ऐकावं लागणार नाही, स्वतःचंच ऐकायचं. हसले किंवा विषय टाळला तर त्या अप्रोचला तुझा हात थ्रॉटलच्या जवळ असू दे, आणि उतरल्यावर फोन त्यांना न करता ट्रेनिंग विभागाला कर.